कोणाचे स्मरण करावे?

सज्जनहो, मेलेल्यांचे स्मरण करावे हे सर्वांस मान्य आहे. पण कोणत्या मेलेल्यांचे? ऑस्ट्रेलियात लहानलहान गावांतूनही युद्धस्तंभ आहेत, त्यांवर नावे कोरलेली. १९१४-१८ च्या महायुद्धात त्या देशाची ६०,००० वर माणसे कामास आली. प्रेते घरी आली नाहीत. तेव्हा आईने फूल वाहायचे ते या दगडालाच. सक्तीची भरती लोकांनी १९१६ व १९१७ साली मते देऊन नाकारली. जो लढायला गेला तो स्वखुशीने, म्हणून पुष्कळ स्तंभांवर जिवंत परतलेल्यांचीही नावे आहेत. ही कृतज्ञता झाली, आणि ती योग्यच.

पण बाबांनो, त्याच भूमीचे मूळ रहिवासी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हातून मेले, त्यांचे काय? न्यू साउथ वेल्समध्ये मायल क्रीक येथे १८३८ साली निदान २८ जण मारले गेले. बहुतेक बायका, मुले, म्हातारे. सात मारेकऱ्यांना फाशी झाली, परंतु स्मारकाला २००० साल उजाडावे लागले. त्या दिवशी मारणाऱ्यांचे आणि मरणाऱ्यांचे वंशज एकत्र उभे राहिले. याला अनुताप म्हणावे. आपल्यांसाठी कोण रडत नाही हो? आपल्या हातून गेलेल्यांसाठी डोळा भरला, तर स्मरण पुरे झाले.