गंध, नाद आणि आठवण

कांहीं वर्षांपूर्वीं रामनवमीच्या उत्सवांत एका खेड्यांतील देवळांत रात्रीचें कीर्तन ऐकण्याचा योग आला. पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यांत हार पडला, बुक्का लावणारा श्रोत्यांतून फिरूं लागला आणि झांजेच्या ठेक्यावर नामघोष सुरू झाला. कपाळावर बुक्का लागला मात्र, माझे डोळे भरून आले. कीर्तन आटोपल्यावर बुवा मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, "आपल्यासारखा सहृदय श्रोता लाभला, कीर्तनाचें सार्थक झालें." मीं नम्रपणें हात जोडले. परंतु खरी गोष्ट अशी होती कीं, बुवांचें निरूपण मीं निम्मेंअर्धेंच ऐकलें होतें. बुक्क्याचा वास आणि झांजेचा नाद एकत्र होतांच मला माझे आजोबा दिसले. मी नुकताच कॉलेजांत जाऊं लागलों असतां एका एकादशीस ते मला 'कीर्तनाला चल' म्हणाले होते, आणि मीं इंग्रजी पुस्तकांतून मान वर न करतां 'मला अभ्यास आहे' असें उत्तर दिलें होतें. पुढची एकादशी त्यांना लाभली नाहीं.

मग ते अश्रु कोणाचे? बुवांच्या कलेनें मिळविलेले, कीं माझ्या अपराधानें? आणि जी दाद बुवांची नव्हती ती त्यांना घेऊं देण्यांत मीं त्यांची फसवणूक तर केली नाहीं? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. कला आणि वैयक्तिक स्मृति यांचा संबंध काय, या मोठ्या प्रश्नाचेंच तें एक घरगुती रूप आहे.

न्यायवैशेषिकांनीं गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि शब्द हा आकाशाचा. पंचमहाभूतांच्या मालिकेंतील हीं दोन टोकें होत. स्मृति म्हणजे केवळ संस्कारापासून उपजणारें ज्ञान, असेंही ते सांगतात. संस्कार निजलेला असतो. त्यास जागें करणारा कोणी तरी उद्बोधक लागतो. गंधाइतका समर्थ उद्बोधक क्वचितच सांपडेल. आधुनिक शारीरशास्त्र त्याचें कारण देतें. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूंतील थॅलॅमस नांवाच्या मधल्या ठाण्यावरून पुढें जातात. गंधाचे संदेश मात्र त्या ठाण्यावर न थांबतां भावना व स्मृति यांच्या केंद्रांशीं जवळजवळ थेट पोंचतात. म्हणूनच पुष्कळदां वासाचें नांव सुचण्यापूर्वीं त्याची आठवण दारांत येऊन उभी राहते. पण गंध येतो तो एकदम सगळा येतो, त्यास क्रम नाहीं. नाद काळांत उलगडतो. त्यास आरंभ आहे, सम आहे, शेवट आहे. गंधानें उठविलेल्या आठवणीस चालावयास वाट मिळते ती नादामुळें.

हीं दोन सामर्थ्यें कलेंत राबवावीं, असा मोह अनेकांस पडला. १९०२ सालीं न्यूयॉर्क येथें सादाकिची हार्टमान या कवीनें सुगंधाच्या साह्यानें प्रेक्षकांस सोळा मिनिटांत जपानची सफर घडविण्याचा घाट घातला. प्रेक्षकांनीं हुर्यो केली आणि प्रयोग मध्येंच आटोपावा लागला. पुढें २००९ सालीं त्याच शहरीं, गुगेनहाइम संग्रहालयांत, 'ग्रीन आरिया' ही गंधनाटिका झाली; तींत प्रत्येक आसनाशीं बसविलेल्या नळींतून संगीताच्या बरोबरीनें एकामागून एक वास सोडण्यांत आले.

हार्टमानचें अपयश मला बोधप्रद वाटतें. त्याला सर्वांना एकाच जपानांत न्यावयाचें होतें, आणि गंध तर प्रत्येकास ज्याच्या त्याच्या गांवीं नेतो. उदबत्तीच्या वासानें एकास देवघर आठवेल, तर दुसऱ्यास घरांतील मृत्यु. आमच्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांनीं हें ओळखलें असावें. पडदा उघडण्यापूर्वीं धूपाचा वास दरवळे, घंटा होई आणि नांदीचे सूर उठत. त्या धूपानें कोणतीही कथा सांगितली नाहीं. त्यानें मनाचें दार तेवढें उघडलें आणि पुढचें काम सुरांवर व शब्दांवर सोंपविलें.

परंतु त्या दारानें जो आपल्याच घरांत शिरला, तो तेथेंच रमला तर? स्वतःच्या सुखदुःखांत बुडून जाणें यास अभिनवगुप्तानें रसास्वादाच्या विघ्नांत गणलें आहे, तें याचसाठीं. त्या न्यायानें त्या रात्रीं मी रसिक नव्हतों, केवळ एक पश्चात्तप्त नातू होतों. मात्र ज्याच्या अंतःकरणांत पूर्वानुभवाची वासना नाहीं त्यास रस लाभत नाहीं, असेंही तोच आचार्य मानतो. 'शाकुंतला'च्या पांचव्या अंकांत हंसपदिकेचें गाणें ऐकून दुष्यंत व्याकुळ होतो. आपण कोणास विसरलों आहों हें त्यास ठाऊक नाहीं, तरी आंतली तार छेडली गेली आहे. तेव्हां वैयक्तिक संस्कार हा उंबरठा होय. तो नसेल तर प्रवेश नाहीं, आणि त्यावरच बसून राहिलें तर दर्शन नाहीं.

मी उंबरठ्यावरच बसून राहिलों काय? नीट आठवून पाहतां तसें वाटत नाहीं. डोळे पुसून पाहिलें तों शेजारच्या म्हाताऱ्याच्या कपाळावर तोच बुक्का होता, पलीकडच्या पोराच्याही. कोणाच्या मनांत काय जागें झालें होतें तें मला कळणें शक्य नव्हतें. पण आम्ही सारे एकाच ठेक्यावर टाळ्या वाजवीत होतों. आजोबांना दिलेलें उत्तर मला परत घेतां आलें नाहीं. तें शल्य इतकीं वर्षें मीं एकट्यानें बाळगलें होतें. त्यास त्या रात्रीं प्रथमच सोबत मिळाली. आठवण देणें कलावंताच्या हातीं नाहीं, ती ज्याची त्यानें घरून आणावी लागते. तिला इतरांच्या पंक्तीस बसविणें हें कलेचें काम, आणि तें लहान नाहीं.

म्हणून गंधास हात घालणाऱ्या कलावंतानें एक गोष्ट विसरूं नये. नकोसें दृश्य दिसलें तर डोळे मिटतां येतात. श्वास फार वेळ रोखून धरतां येत नाहीं. परवानगीवांचून जो दुसऱ्याच्या अंतर्गृहाचें दार उघडतो, त्यानें त्यास तेथें एकटें सोडून जाणें हा अन्याय होय.

बुवांची पुन्हां गांठ पडली तर मी त्यांना खरें तें सांगेन: "बुवा, ते अश्रु आपल्या निरूपणाचे नव्हते, पण ते ढाळावयास जी जागा लागते, ती आपण दिलीत."