वहीतली एक ओळ

गोंदियाच्या स्टेशनात एके काळी बालाघाटच्या मालाला उतरावेच लागे. सातपुड्यातून येणारा रूळ अडीच फुटांचा, तर पुढे नागपूर आणि हावड्याकडे जाणारा साडेपाच फुटांचा. लहान वाघिणीतले तांदळाचे पोते हमालाच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत जाई. पोते उसवे, दाणे सांडत, हमाली चढे, दिवस मोडे. व्यापारी घरी येऊन वहीत एक ओळ लिही : तूट. ही ओळ प्रत्येकाच्या वहीत असे, आणि प्रत्येकाला ती आपल्या नशिबाची वाटे.

ती नशिबाची नसून रुळाची आहे, हे ज्याला सगळ्यांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर दिसते, तो व्यापारी संघटनेचा खरा पुढारी. एकट्याचे गाऱ्हाणे तो आकड्यांत मांडतो आणि सरकारदरबारी त्याचा सार्वजनिक प्रश्न करतो.

मराठी मुलखात ही जाण संस्थारूपाने उभी राहिली. 1927 मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. वालचंद हिराचंद त्याचे पहिले अध्यक्ष. 1934 मध्ये पुण्यात आ. रा. भट यांनी मराठा चेंबर उभे केले. वालचंदांच्या मागे जहाजे होती, कारखाने होते. भटांचे नाव राहिले ते संस्थेमुळे. चेंबरचे ‘संपदा’ मासिक अर्थकारण मराठीत बोलू लागले, हेही मोलाचे. कारण जे धोरण आपल्या भाषेत समजत नाही, त्यावर आपण हरकत तरी काय घेणार? पुढे भट मुंबई विधान परिषदेत गेले. 1952 मध्ये नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचेही ते सदस्य होते. पानांच्या संख्येनुसार वृत्तपत्राची किंमत ठरावी, म्हणजे बड्या पत्रांपुढे छोटी पत्रे टिकतील, अशी शिफारस त्या आयोगाने केली. बाजारात लहानाला जागा राहावी, ही काळजी चेंबरच्या माणसाला परकी नव्हतीच.

अशा माणसांची गरज सीमेवरच्या जिल्ह्याला सर्वांत जास्त असते. 1867 मध्ये झालेला बालाघाट जिल्हा मध्य प्रांतात नागपूर विभागात होता. 1956 च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. भरवेलीच्या खाणीतले मँगनीज काढणाऱ्या ‘मॉइल’चे मुख्यालय नागपुरात, बाजाराची वाट गोंदियाची, आणि फाईल मात्र भोपाळची. दूरच्या राजधानीत एकट्या गिरणीवाल्याचा आवाज पोहोचत नाही. तिथे संघटनेचे निवेदन लागते, नेमक्या आकड्यांचे, पाठपुराव्याचे.

पण संघटना आपल्या सभासदांपुरतीच बोलत राहिली, तर ती फक्त दबावगट उरते. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने वाढलेला भाव गिरणीच्या दारात थांबला, तर बांधावरच्या शेतकऱ्याला मानांकनाचा उपयोग काय? हा प्रश्न शेतकऱ्याने विचारण्याआधी व्यापाऱ्यांच्या बैठकीत निघाला पाहिजे. तिथे व्यापारी नागरिक होतो.

आज गोंदियाहून जबलपूरपर्यंत रुंद रूळ आहे. वाघीण थांबत नाही, पोते उतरत नाही, वहीतली ती ओळ पुसली गेली. याचा आनंद मोठा आहे. मात्र त्या ओळीतच हमालाची मजुरीही होती. व्यापाऱ्याची जी तूट, ती हमालाची चूल होती. रूळ रुंद करा, असे ठामपणे मागणाऱ्या निवेदनात खाली आणखी एक कलम हवे : ज्यांच्या पाठीवरून हा माल इतकी वर्षे गेला, त्यांच्या हाताला नवे काम काय? हमालाला वही नसते. म्हणून त्याची तूट पुढाऱ्याने आपल्या वहीत लिहायची असते.