तुमच्याच हातानं लिहिलेला वेळ

बसा. हेल्मेटं खाली ठेवा, फोन खिशात घाला. माझं बोलून होईपर्यंत टायर, वारा किंवा शेजारची गाडी यांच्याबद्दल कुणी एक शब्द काढायचा नाही. कारणं मी दिवसभर ऐकली. आता तुम्ही ऐकायचं.

दुपारच्या सत्रात मी पिट वॉलपाशी उभा होतो. गार्डनर स्ट्रेटवर, अंतिम रेषेच्या थोडं अलीकडे, तुमच्यातल्या एकानं ब्रेक दाबला. पुढे वळण नव्हतं, पिवळा झेंडा नव्हता, गाडीत बिघाडही नव्हता. कागदावर २ मिनिटं १० सेकंद लिहिले होते, गाडी २ मिनिटं ६ सेकंदांत रेषेवर पोचत होती, आणि मधले चार सेकंद कुठेतरी घालवायचे होते. ते त्यानं फिलिप आयलंड ट्रॅकच्या सर्वांत वेगवान पट्ट्यावर घालवले. मागून बाराव्या वळणातून दुसरी गाडी पूर्ण थ्रॉटलवर बाहेर येत होती. तिच्या चालकानं वेळीच स्टिअरिंग फिरवलं, म्हणून आपण आत्ता या खोलीत बसलो आहोत. आणि चार सेकंद उरलेत हे त्याला कळलं कसं? डॅशबोर्डखाली फोन चिकटवला होता म्हणून. गाडीत वेळ मोजणारं कुठलंही साधन चालणार नाही, हे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं. नाव मी घेत नाही, ज्याचं त्याला ठाऊक आहे. पण बाकीच्यांनी सुटलो असं समजू नका. त्यानं उघड्यावर केलं ते तुमच्यातले कितीतरी जण वळणाआड करत होते.

रेग्युलॅरिटीचा नियम शाळकरी पोराला एका दमात सांगता येतो. एका फेरीला किती वेळ घेणार ते आधी लिहून द्यायचं, आणि मग प्रत्येक फेरी तेवढ्याच वेळात पुरी करायची. जितका फरक, तितके दंडाचे गुण. उशिरा आलात तर दंड, लवकर आलात तरी दंड, आणि बऱ्याच क्लबांत लवकर येण्याचा दंड अधिक कडक असतो. तुमच्यातले काही जण मेलबर्नला येण्याआधी पुण्या-मुंबईकडे टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स, रॅली खेळलेले आहेत. तिथे सरासरी वेग आयोजक ठरवून देतात. इथे आकडा तुमचा तुम्ही ठरवता. कुणी तो लादलेला नसतो, म्हणून तो चुकला की बोट दाखवायला दुसरं कुणी उरत नाही.

आणि तो आकडा तुम्ही लिहिता कसा? काही जण मित्रांनी कागद बघितला तर काय म्हणतील, या धाकानं लिहिता. सरावात जेमतेम एकदा, तेही पुढे मोकळा रस्ता मिळाला म्हणून जमलेली सर्वांत वेगवान फेरी तुम्ही कागदावर चढवता. मग दिवसभर त्या आकड्यामागे धावता, वळणात उशिरा ब्रेक दाबता, गवतात जाता आणि गाडी वाईट म्हणून ओरडता. दुसरे काही जण हातचं राखून लिहिता. मुद्दाम ढिला वेळ द्यायचा, फेरीच्या सुरुवातीला मनसोक्त पळवायची आणि शेवटी रेषेआधी रेंगाळून हिशेब जुळवायचा. पहिल्यानं स्वतःला फसवलं, दुसऱ्यानं मागून येणाऱ्या प्रत्येकाला. मला दोघांचाही सारखाच राग येतो, कारण दोघांनीही कागदावर खोटं लिहिलं आणि त्या खोट्याची किंमत ट्रॅकवर वसूल होते.

आता हिशेब मांडतो, वहीत उतरवा. तुम्ही २ मिनिटं ६ सेकंद लिहिलेत. चार फेऱ्या आल्या त्या २:०२, २:१०, २:०५ आणि २:०७. सरासरी काढा. बरोबर २:०६. सरासरीवर खूश होऊन तुम्ही जेवायला गेलात. पण गुण सरासरीवर दिले जात नाहीत, प्रत्येक फेरी वेगळी मोजतात. चार, चार, एक आणि एक, असे दहा सेकंद तुम्ही चुकलात. तुमच्या शेजारी जुनी, कमी ताकदीची गाडी घेऊन आलेल्या काकांनी २:२४ लिहिलं आणि प्रत्येक फेरी त्याच्या अर्ध्या सेकंदाच्या आत आणली. तुम्ही त्यांना ट्रॅकवर मागे टाकलंत आणि निकालात त्यांच्या खाली गेलात. त्यात अन्याय काहीही नाही.

हा ट्रॅक ४.४४५ किलोमीटरचा आहे. दोन मिनिटांत फेरी पुरी केलीत तर सेकंदाला सरासरी ३७ मीटर होतात. दशांश सेकंद म्हणजे पावणेचार मीटर, तुमच्या गाडीच्या लांबीहूनही कमी. इतकी बारीक चूक इथे मोजली जाते. ज्याला हे किरकोळ वाटतं त्यानं एकदा दोन फेऱ्या सलग, घड्याळाशिवाय, दशांश सेकंदाच्या फरकात करून दाखवाव्यात. मग माझ्यासमोर वेगाच्या गप्पा माराव्यात.

ही म्हाताऱ्यांची शर्यत आहे, असं कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं. इतिहास ठाऊक नसला की अशी वाक्यं तोंडातून निघतात. इटलीतली मिले मिलिया १९२७ मध्ये सुरू झाली. ब्रेशियाहून रोम आणि परत, सोळाशे किलोमीटरच्या आसपास, उघड्या रस्त्यावर, पूर्ण वेगानं. १२ मे १९५७ ला ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो गेला, त्याचा सहकारी एडमंड नेल्सन गेला आणि रस्त्याकडेला उभी असलेली नऊ माणसं गेली. त्या नवात पाच मुलं होती. पूर्ण वेगाची ती शर्यत तिथे संपली. १९७७ मध्ये मिले मिलिया परत आली ती जुन्या गाड्यांची रेग्युलॅरिटी म्हणून. रेग्युलॅरिटी ही एक मर्यादा आहे, आणि ती कशासाठी आखावी लागते हे त्या नऊ माणसांच्या घरच्यांना विचारायला हवं. तुम्ही ती मर्यादा पाळण्याचा कागद सही करून देता आणि पहिल्याच फेरीत शेजाऱ्याशी चढाओढ सुरू करता. त्याच्या मागच्या बंपरला चिकटून दक्षिणेच्या वळणात, सदर्न लूपमध्ये, आतून घुसता. शर्यतच करायची असेल तर शर्यतीचा परवाना काढा, रोल केज बसवा, अग्निरोधक कपडे घाला आणि तुमच्यासारख्याच तयारीच्या लोकांत जा. घरच्या गाडीत, घरच्या सीटवर बसून ते करायचं नाही.

आणि फिलिप आयलंडवर मोठ्या इंजिनाची मिजास कुणी करू नये. याच बेटावर १९२८ मध्ये, आजचा ट्रॅक होण्याच्या कितीतरी आधी, कच्च्या रस्त्यांवर शंभर मैलांची शर्यत झाली. ती आर्थर वेटनं जिंकली, ऑस्टिन ७ मध्ये, पाऊण लिटरच्या इंजिनावर. तुमच्यातल्या काहींच्या गाडीत त्याच्या पाचपट इंजिन आहे.

आता ब्रेककडे या. इथे मी आवाज चढवणार आहे, कारण इथे माणसं मरतात. आज किती जणांनी ब्रेक ऑइल कधी बदललं याचं उत्तर तारखेसह दिलं? अगदी थोड्यांनी. बाकीच्यांनी सांगितलं, सर्व्हिसिंगला करतात. डॉट ४ प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं. ते हवेतली ओल शोषतं. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की त्याच प्रतीची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ताशी २०० वरून १०० वर आलात तर वेग निम्मा होतो, पण गाडीच्या गतिज ऊर्जेतले चारातले तीन भाग कमी करावे लागतात, आणि त्यांतली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये शिरते. तीच उष्णता कॅलिपरमधल्या तेलात जाते. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. ल्युकी हाइट्सचा चढ ओलांडून एमजी वळणाकडे उतरताना पेडल तळाला गेलं तर काय होईल, ते मी तुम्हाला रंगवून सांगणार नाही. तुम्ही मोठी माणसं आहात, तुमच्या घरी लेकरं आहेत.

चाकांचे नट टॉर्क रेंचनं तपासले का? सीटखालची पाण्याची बाटली काढली का? सत्र संपल्यावर एक फेरी हळू चालवून ब्रेक थंड केलेत का, की थेट पिटमध्ये येऊन हँडब्रेक ओढलात? टायर गार असताना पहिल्याच फेरीत कोण किती पळत होतं, तेही मी पाहिलं आहे. यांतलं एकही काम हुशारीचं नाही. ती शिस्तीची कामं आहेत, आणि लाखोंची गाडी घेणाऱ्याला ती परवडत नाहीत असं मी मानणार नाही.

झेंड्यांचं पाठांतर तर पाचवीच्या मुलालाही जमेल. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळ्यावर नारिंगी गोळा म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड दिसतो आहे, आत या. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटकडे. आज सिबेरिया वळणापाशी पिवळा हलत असताना दोघांनी ओव्हरटेक केलं. त्या पोस्टवर झेंडा धरून उभी असलेली माणसं स्वयंसेवक असतात. बास सामुद्रधुनीचा वारा अंगावर घेत ती दिवसभर तुमच्यासाठी उभी राहतात. त्यांच्या झेंड्याकडे डोळेझाक करणं हा त्यांचा अपमान आहे, आणि पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला त्या पोस्टवर नेऊन त्यांची माफी मागायला लावीन.

विम्याचं सांगून टाकतो. ट्रॅकवर काय चालतं आणि काय नाही, ते तुमच्या इथल्या पॉलिसीत आहे. ती आज रात्री वाचा. जे वर्षभरात भारतात परतणार आहेत आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेच्या ट्रॅकवर गाडी नेण्याचे बेत करताहेत, त्यांनी तिकडच्या पॉलिसीतला वापराच्या मर्यादांचा परिच्छेद काढून बघावा. त्यात शर्यतीबरोबरच वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायलही वगळलेल्या असतात. मी शर्यत कुठे करत होतो, हे तुमचं उत्तर तिथे कामाला येणार नाही.

मग करायचं काय? सांगतो, आणि हे फक्त ऐकून सोडायचं नाही. सरावाची पहिली फेरी हिशेबात धरू नका, टायर गार असतात. उरलेल्या फेऱ्यांतली सर्वांत वेगवान फेरीही बाजूला काढा. श्वास न कोंडता, हात न आवळता ज्या वेळात पुन्हा पुन्हा येता, तो वेळ लिहा. मग प्रत्येक वळणाच्या खुणा ठरवा. ब्रेक कुठल्या फलकापाशी, गिअर कुठला, वळणाच्या आतल्या कडेला गाडी कधी टेकणार, बाहेर पडताना टॅकोमीटर किती दाखवतो. बाराव्या वळणातून बाहेर येताना तुम्ही ताशी १६३ ऐवजी १६० ला असाल आणि तो फरक ९०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर तसाच राहिला, तर एक तृतीयांशाहून जास्त सेकंद तिथेच जातो. तुमच्या बिघडलेल्या फेऱ्यांचं मूळ बहुतेक वेळा वळणातून बाहेर पडण्यात आहे, पण तुम्ही ते इंजिनात शोधता. वारा फिरला, ऊन गेलं, तर खुणा थोड्या हलतात. म्हणून प्रत्येक सत्रानंतर वही उघडा आणि लिहा.

वही म्हटली की तुम्ही तोंड वाकडं करता. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉसनं मिले मिलिया १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली, तेव्हा शेजारच्या सीटवर डेनिस जेन्किन्सन कागदाची लांब गुंडाळी उलगडत बसला होता. रस्त्याचा जो भाग अवघड, तो आधी फिरून त्यावर लिहून ठेवलेला होता. मॉससारख्या चालकाला लिखापढी लागली आणि तुम्हाला लागत नाही?

तबलजीनं ठेका धरला की गाणाऱ्याची तान कितीही उडाली तरी मात्रा पुढेमागे होत नाही. तसं तुमचं चालवणं मागच्याला कळलं पाहिजे. तुम्ही कुठे ब्रेक लावणार, कुठून बाहेर पडणार, हे तिसऱ्या फेरीपर्यंत त्याला अंगवळणी पडलं पाहिजे. इथे सुरक्षितता यातूनच येते. ज्याची फेरी सारखी, त्याच्या शेजारून जाताना दुसऱ्याला भीती वाटत नाही. ज्याची फेरी दर वेळी वेगळी, तो सगळ्यांना धोका आहे, मग त्याचा हात कितीही चांगला असो.

मी हे सगळं कठोर बोललो, कारण मला तुम्ही या ट्रॅकवर वर्षानुवर्षं यायला हवे आहात. तुमच्यात दोघे-तिघे असे आहेत की त्यांच्या हातात खरोखर गुण आहेत. ते गुण मी मिजासीत वाया जाऊ देणार नाही आणि गवतात उलटलेल्या गाडीत तर मुळीच नाही. उद्या सकाळी गेटवर मी स्वतः उभा असेन. ब्रेक ऑइलची तारीख, नटांचा टॉर्क आणि रिकामी केलेली गाडी हे बघितल्याशिवाय कुणाला आत सोडणार नाही. डॅशबोर्डखाली फोन सापडला तर दिवसभर तुम्ही झेंडेवाल्यांना चहा द्यायचा. मग मी प्रत्येकापुढे कोरा कागद ठेवीन. त्यावर तोच वेळ लिहा, जो तुम्ही दहाही फेऱ्यांत पाळू शकता. तसा लिहिता येत नसेल, तर पेन खाली ठेवा आणि गाडीची किल्ली माझ्या हातात द्या.