साथीच्या काळातील खुर्ची आणि अधिकार

ज्या देशांचे नेतृत्व स्त्रियांकडे आहे ते देश साथीला अधिक समर्थपणे तोंड देतात, असे विधान २०२० साली कोविडच्या पहिल्या लाटेत जगभरातून वारंवार केले गेले, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ न्यूझीलंडच्या जॅसिंडा आर्डर्न, जर्मनीच्या अँगेला मर्केल व तैवानच्या त्साई इंग-वेन यांची उदाहरणे दिली गेली. सुप्रिया गरिकीपाटी आणि उमा कंभमपती या ब्रिटनमधील विद्यापीठांत अध्यापन करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी १९४ देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा त्यांतील केवळ १९ देशांच्या प्रमुखपदी स्त्रिया होत्या. लोकसंख्या, उत्पन्न, वृद्धांचे प्रमाण अशा बाबतींत एकमेकांशी जुळणारे देश शेजारी ठेवून पाहिल्यावर स्त्रीनेतृत्वाच्या देशांत पहिल्या काही महिन्यांत मृत्यू कमी झाल्याचे आणि तेथे टाळेबंदीही लवकर लागू झाल्याचे त्यांना आढळले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही, म्हणजे तो योगायोगानेही पडू शकला असता असे ठरले, आणि त्या समाजांच्या सांस्कृतिक मूल्यांना अधिक महत्त्व द्यावे लागले. पहिल्या लाटेत बेल्जियमच्या पंतप्रधानपदी सोफी विल्मेस होत्या आणि तेथील मृत्युदर युरोपातील सर्वाधिक दरांपैकी होता. अर्थात वृद्धाश्रमांतील संशयित मृत्यूही बेल्जियमने आपल्या गणनेत धरले होते, हे येथे सांगणे न्याय्य ठरेल.

सोलापुरासारख्या शहरातून पाहिले असता हा सारा वाद अपुरा वाटतो, कारण खुर्चीवर कोण बसले आहे एवढेच त्यात मोजले जाते. त्या खुर्चीला साथीच्या काळात कोणते अधिकार उरतात, हा आधीचा प्रश्न त्यात येतच नाही. सोलापूर महानगरपालिकेत २०१७पासून २०२२पर्यंतच्या संपूर्ण मुदतीत महापौरपदी स्त्रियाच होत्या: प्रथम शोभा बनशेट्टी आणि डिसेंबर २०१९पासून श्रीकांचना यन्नम. स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०११ साली घेतला असल्याने सभागृहातही त्यांची संख्या मोठी होती. १२ एप्रिल २०२० रोजी तेलंगी पाच्छा पेठेत शहरातील पहिला रुग्ण, तोही मृत्यूनंतर, निष्पन्न झाला. त्या दिवसापासून कोणती पेठ प्रतिबंधित क्षेत्र ठरवायची, संचारबंदी किती दिवसांची, विलगीकरण कोठे करायचे, हे निर्णय ज्या साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्यांखाली झाले त्यांत महापौरांना निर्णयाचे स्थान नव्हते.

या कायद्यांचा इतिहास महाराष्ट्रातच सुरू होतो. मुंबईतील प्लेगमुळे १८९७ साली साथरोग अधिनियम झाला आणि त्याने सरकारला व सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. त्या वर्षी पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात व विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले. त्याची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली, तरी सरकारने ते आरोप नाकारले. सावित्रीबाई फुले यांनी त्याच साथीत पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणण्याचे काम केले आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. साथीत काय करायला हवे याची जाण आणि ते करण्याचे धैर्य या दोघींकडे होते. शासनाच्या निर्णयात मात्र त्यांना कोणतेही स्थान नव्हते.

ज्या स्त्रीकडे खरोखर खाते होते तिने काय केले, याचेही उदाहरण भारतात आहे आणि ते हवे तितके आठवले जात नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर १९५७पर्यंत त्या पदावर होत्या. क्षयाविरुद्धची बीसीजी लसीकरण मोहीम, १९५३चा राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही त्यांच्या कारकिर्दीतील कामे होत. केरळच्या आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांनी २०१८ साली निपाहची साथ आणि नंतर कोविडची पहिली लाट हाताळली, २०२१ची विधानसभा निवडणूक साठ हजारांहून अधिक मताधिक्याने जिंकली, आणि तरीही नव्या मंत्रिमंडळातून त्यांना वगळण्यात आले. पक्षाने नवे चेहरे आणण्याचे धोरण सर्वांनाच लावले होते हे खरे. तरी साथ चालू असताना अनुभवी व्यक्तीला दूर करणे हा निर्णय चुकीचाच होता.

सोलापुरात साथीचा भार कोणी उचलला हे पूर्व भागातील वस्त्यांत दिसते. विडी कारखान्यातून पान, तंबाखू आणि सूत घरी आणून हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर काम करणाऱ्या हजारो स्त्रिया येथे राहतात. टाळेबंदीत कच्चा माल मिळणे थांबले की मजुरी थांबते, आणि एक-दोन खोल्यांच्या घरात 'घरीच विलगीकरण' हा आदेश पाळणे अशक्य होते. आदेश काढणाऱ्या यंत्रणेत अशा घरांची माहिती असणारी नगरसेविका असती, तर धान्य आणि विलगीकरणाची जागा यांचा विचार आदेशाआधी होण्याची शक्यता निश्चितच वाढली असती. राज्यभर घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी तपासणाऱ्या आशा कार्यकर्त्यांची स्थितीही याहून वेगळी नव्हती. त्या सरकारी व्यवस्थेत स्वयंसेविका मानल्या जातात, म्हणून त्यांना वेतनाऐवजी मोबदला मिळतो. जून २०२१मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशांना संप करावा लागला, आणि मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला तेव्हाही त्यांचा दर्जा तोच राहिला.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५च्या कलम २५नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सह-अध्यक्षपद मिळते. शहराच्या महापौरांचा तेथे उल्लेख नाही. साथरोग अधिनियमात २०२० साली दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी, आणि ती आवश्यकच होती. निर्णय कोणी घ्यायचे या तरतुदीत लोकप्रतिनिधींना जागा मिळाली नाही. महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची सोय २०२५च्या दुरुस्तीने केली, तेव्हा कोविडचा सगळा अनुभव संसदेसमोर होता. त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी असतील, एवढे कायद्याने निश्चित केले आहे. उरलेले सदस्य राज्य सरकारने ठरवायचे आहेत, आणि महापौर व नगरसेविकांना त्यांत घेण्यास महाराष्ट्र सरकारला कोणतीही आडकाठी नाही.