प्रेमाचे अज्ञान

आजाऱ्याच्या समाचाराला रिकाम्या हाताने जाऊ नये, असा आपल्याकडे संकेत आहे. वसईच्या वाड्यांतून कोणी इस्पितळातून घरी परतला, की सायंकाळच्या प्रार्थनेनंतर शेजारीपाजारी येऊ लागतात. कोणाच्या हातात शहाळे असते, कोणाच्या हातात परसातले पपनस. कोणी गुळवेलीचा काढा बाटलीत भरून आणते, तर कोणी आपल्या गुडघ्याला ज्या गोळीने आराम पडला तिची अर्धी पट्टी प्रेमाने पुढे करते. ख्रिस्तसभेने सांगितलेल्या सात दैहिक दयाकृत्यांत आजाऱ्याला भेटणे हे एक आहे. हे सारे त्या दयाकृत्याचेच घरगुती रूप. अशा येण्याजाण्यावरच आपला धर्मग्राम उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता असे समजू या की त्या घरातील आजारी हा मूत्रपिंडरोपण करून आलेला एक तरुण आहे, आणि ते मूत्रपिंड त्याच्या आईने त्याला दिलेले आहे. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, तेव्हा ही कल्पना काही दूरची नव्हे. त्या तरुणाच्या दृष्टीने वर सांगितलेल्या चारही भेटवस्तू घातक ठरू शकतात. आणि मला ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो असा : ज्या हाताने प्रेमापोटी अपाय केला, तो हात दोषी म्हणावा काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. डॉ. जोसेफ मरे यांनी 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टन येथे रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा भाऊ रिचर्ड याला बसवले, आणि मूत्रपिंडरोपण प्रथमच खऱ्या अर्थाने यशस्वी झाले. (मरे हे श्रद्धाळू कॅथॉलिक होते. 1990 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.) परंतु हे दोघे भाऊ एकसारखे जुळे होते. एकाचा अवयव दुसऱ्याच्या देहाला परका वाटलाच नाही. इतरांचे भाग्य तसे नसते. पोटच्या मुलाचा देहसुद्धा आईचे मूत्रपिंड परके समजतो आणि ते नष्ट करू पाहतो. रक्ताचे नाते शरीराच्या पहारेकऱ्यांना पटत नाही, हे थोडे विदारकच आहे. म्हणून त्या पहारेकऱ्यांना आवरून धरणारी औषधे रोज, ठरल्या वेळी, तो अवयव काम करीत आहे तोवर घ्यावी लागतात. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले आणि 1978 साली केंब्रिज येथे डॉ. रॉय काल्न यांनी ते रोपणाच्या रुग्णांना प्रथम दिले. पुढे जपानच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून टॅक्रोलिमस मिळाले. या दोहोंनी रोपणशास्त्राचे रूप पालटले.

मात्र ही औषधे अरुंद बांधावरून चालावे तशी चालतात. रक्तातील त्यांचे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक अब्जांश भागात मोजतात. ते थोडे उतरले तर देह अवयवावर उठतो. थोडे चढले तर ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी औषध घ्यावयाचे त्यालाच ते इजा करते. हे प्रमाण राखणारे एक विकर आपल्या आतड्यांत आणि यकृतात असते. ते औषधाचा बराचसा भाग निकामी करून टाकते, आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ही तूट आधीच धरलेली असते. पपनसाच्या जातीच्या फळांतील काही द्रव्ये आतड्यांतील हे विकर बंद पाडतात. मग तीच गोळी कितीतरी अधिक औषध रक्तात सोडते. सकाळी गोळी आणि संध्याकाळी फळ अशी सोय करूनही भागत नाही, कारण बंद पडलेले विकर नव्याने तयार व्हावयास दिवस लागतात. क्षयावरील रिफॅम्पिसिन याच्या नेमके उलट करते. ते विकराला इतके चेतवते, की सायक्लोस्पोरिनची मात्रा काही वेळा तिप्पट-चौपट करावी लागते. आपल्या देशात रोपणाच्या रुग्णाला क्षय होणे दुर्मिळ नाही. तेव्हा क्षयाचे डॉक्टर आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर एकमेकांशी बोलले नाहीत, तर दोन्ही अचूक औषधे मिळून एक चूक होते.

शहाळ्याचे कारण निराळे आहे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि ही रोपणाची औषधे मुळातच रक्तातील पोटॅशियम वाढवतात. ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडते. सांधेदुखीवरील आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते, म्हणजे सायक्लोस्पोरिनचाच दोष दुणावते. राहिली गुळवेल. 2020 सालच्या महामारीत ती घराघरांत पोहोचली ती प्रतिकारशक्ती वाढवते या ख्यातीने. या तरुणाचे तर सारे औषधपाणी ती प्रतिकारशक्ती आवरून धरण्यासाठी चाललेले असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचा विचार करताना एक भेद सांगितला आहे. जे जाणणे माणसाच्या आवाक्यातच नव्हते, त्याचे अज्ञान पाप ठरत नाही. जे जाणणे त्याचे कर्तव्य होते आणि हयगयीमुळे त्याने जाणून घेतले नाही, ते अज्ञान त्याला दोषमुक्त करीत नाही. हा भेद वाचताना सोपा वाटतो. पपनसाला तो लावून पाहा.

या कुळातील ग्रेपफ्रूट नावाच्या फळाचा हा गुण शास्त्रज्ञांनाही ठाऊक नव्हता. कॅनडातील डॉ. डेव्हिड बेली हे रक्तदाबावरील एका औषधाचा मद्याशी काय संबंध येतो ते तपासत होते. मद्याची चव झाकावी म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाचे प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले त्यांना आढळले. 1989 साली त्याची प्रथम नोंद झाली, 1991 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे स्पष्ट प्रतिपादन आले. म्हणजे 1985 साली ज्या परिचारिकेने रोपणाच्या रुग्णाला या रसाचा पेला दिला असेल, तिचे अज्ञान संपूर्णतः निर्दोष होते. तोच पेला 1995 साली दिला तर? कृती तीच, माया तीच, परिणामही तोच. केवळ मधल्या काळात जगात कुठेतरी एक निबंध छापून आला, म्हणून ती दोषी झाली काय? आणि तो निबंध ज्या दिवशी लंडनमध्ये छापला गेला, त्या दिवशी तो आमच्या वाड्यात थोडाच पोहोचला! ज्ञान एका ठिकाणी जन्मते आणि पायी चालत येते. अर्ध्या वाटेवर ते कोणाजवळ थांबले आहे, हे विचारल्यावाचून दोषाचा निवाडा करता येणार नाही, असे मला वाटते.

ते कुठे थांबते याचे एक उदाहरण 2000 सालचे आहे. ज्यूरिच येथील डॉक्टरांनी हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांची हकीकत त्या वर्षी प्रसिद्ध केली. दोघांचीही प्रकृती स्थिर असताना अकस्मात त्यांचा देह नव्या हृदयावर उठला. कारण शोधता निघाले ते असे, की मन उदास असते म्हणून दोघेही एका वनस्पतीचा अर्क घेत होते. त्या अर्काने विकर चेतवले आणि सायक्लोस्पोरिन रक्तातून उतरले. अर्क थांबवताच प्रमाण पूर्ववत झाले आणि संकट टळले. ही वनस्पती युरोपात संत योहानाच्या नावाने ओळखली जाते, कारण 24 जूनच्या सुमारास, म्हणजे गोव्यात ज्या दिवशी सांजाव साजरा होतो त्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाच्या वेळी, तिला पिवळी फुले येतात. संताचे नाव आणि शतकानुशतकांची घरगुती ख्याती! अशा पानाफुलांवर संशय कोण घेणार?

तपासणीच्या खोलीत डॉक्टर विचारतात, “बाकी काही औषध घेता का?” रुग्ण म्हणतो, “नाही.” तो खोटे बोलत नाही. काढा त्याच्या लेखी औषध नसतो, शहाळे तर नसतेच. आईने दिलेल्या वस्तूला औषध हे नाव लागत नाही, कारण औषध दुकानातून येते. प्रामाणिक प्रश्न आणि प्रामाणिक उत्तर यांच्यामधून असत्य अलगद निसटून जाते. येथे दोषाचा मोठा वाटा विचारणाऱ्याकडे जातो असे मी म्हणेन. ज्याला ठाऊक आहे त्याने समोरच्याच्या भाषेत विचारले पाहिजे. ‘घरात काय करून देतात?’ असे विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते.

तरीही रुग्णाला सर्वस्वी मोकळे सोडता येत नाही. अक्वायनस आणखी एका अज्ञानाचा उल्लेख करतात. पापातून मोकळे फिरता यावे म्हणून माणूस जाणूनबुजून अजाण राहतो. डॉक्टर नको म्हणतील या भयाने जो विचारीतच नाही, त्याचे अज्ञान त्या जातीचे. दारू, पेनकिलर, शेजाऱ्याने सुचवलेली पुडी, यांपैकी एखादी गोष्ट मनात असते आणि माणूस तोंड मिटून राहतो. अवयव त्याच्या आईचा आहे, ही गोष्ट त्याच्या मौनाला अधिक जड करते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच 2000 साली, ऑगस्ट महिन्यात, रोम येथे रोपणतज्ज्ञांच्या परिषदेपुढे भाषण करून अवयवदानाला प्रेमाचे कृत्य म्हणून गौरवले. दात्याविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो, ते योग्यच आहे. स्वीकारणाऱ्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. दान एका दिवसात होते, स्वीकार रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळाकडे पाहून करावा लागतो.

या साऱ्या प्रकरणाला एक बाजू अशी आहे, की तिच्यापुढे माझी वाक्ये थोडी अडखळतात. जे संयोग अजाणतेपणी अपाय करतात, तेच जाणतेपणी गरिबाच्या कामीही आले आहेत. सायक्लोस्पोरिन महाग होते. तेव्हा भारतातील अनेक मूत्रपिंडतज्ज्ञांनी त्याच्या जोडीला बुरशीवरील किटोकोनॅझोल किंवा रक्तदाबावरील डिल्टियाझेम दिले. विकर मंदावले, महागडे औषध कमी मात्रेत पुरू लागले आणि कितीतरी घरांचा खर्च वाचला. पपनस जे करते तेच हे, पण मोजून, रक्त तपासून, लक्ष ठेवून. मात्र घरच्यांना हे समजावले नाही तर काय होते? बाटलीवर बुरशीचे औषध असे लिहिलेले असते. अंगावर कुठे बुरशी नाही, मग हा खर्च कशाला, असे म्हणून बिचारी पत्नी ती गोळी बंद करते. दोन पैसे वाचवणे तिचे कर्तव्यच असते. पण विकर पुन्हा जागे होते आणि मूत्रपिंड धोक्यात येते. काटकसर आणि अनर्थ यांमध्ये न सांगितलेले एक वाक्य असते.

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. जखमांवर त्याने तेल आणि द्राक्षारस ओतला, हे आपल्या लक्षात राहते. पण त्यानंतर त्याने त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली, जाताना दोन दिनार दिले आणि पुढे जो खर्च होईल तो परतताना चुकता करण्याचे कबूल केले. परतण्याचा हा भाग आपण घाईने वाचतो. शस्त्रक्रियेसाठी आपल्या धर्मग्रामात वर्गणी उभी राहते, ते आपले भूषण आहे. पण दुसऱ्या वर्षीच्या गोळ्यांसाठी कोण वर्गणी काढतो? पैसे नाहीत म्हणून एक दिवसाआड गोळी घेणारा रुग्ण अज्ञानी नसतो. काय होणार हे त्याला पक्के ठाऊक असते. तेथे अज्ञान आपले असते.

पुन्हा त्या आईकडे येतो. समजा, महिनाभर तिने काढा दिला आणि रक्ताच्या तपासणीत गडबड निघाली. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर ती बाटली उजेडात आली. घरी येऊन ती रडत बसली, आणि येत्या शनिवारी पापनिवेदनात हे सांगावे काय, असे तिने विचारले. काय उत्तर द्यावे? तुझा काही दोष नाही, असे म्हणणे सोपे आणि बहुधा खरेही आहे. पण तेवढ्याने तिचे समाधान होणार नाही, आणि ते का होत नाही याचा विचार करताना मला क्रुसावरील प्रार्थना आठवते. आपण काय करीत आहोत हे ज्यांना समजत नाही, त्यांच्यासाठी प्रभूने पित्याकडे क्षमा मागितली. निर्दोषांसाठी कोणी क्षमा मागत नाही. म्हणजे न समजता केलेल्या गोष्टीचेही काहीतरी ओझे राहते. त्याला पाप म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मराठीत त्याला नेमका शब्द आहे असेही मला वाटत नाही. त्या आईला ते शब्दावाचून समजलेले असते. तिने आपल्या देहातील एक भाग कापून दिला तेव्हा कोणते कागद सही करावयाचे, किती दिवस पडून राहावयाचे, हे तिला दहा वेळा समजावले गेले होते. चुलीवरील भांड्याविषयी मात्र कोणी काही विचारले नाही, आणि तिनेही कोणाला विचारले नाही.

धर्मगुरू तिला काय सांगतील ते त्यांचे त्यांना ठाऊक. पुढच्या तपासणीला जाताना रिपोर्टांच्या पिशवीत तिने घरातील सगळ्या बाटल्या, पुड्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या भरून घेतल्या. शेजारणीने आदल्या दिवशी आणून दिलेले पपनसही तिने त्यांच्याबरोबर ठेवले.