बेथेस्दाचे तळे व परळची खिडकी

खेड्यांतील आमच्या मंडळ्यांत असे घर विरळाच असेल, की ज्यातील कोणी आजारपणाच्या निमित्ताने परळ पाहिलेले नाही. के. ई. एम. इस्पितळ सन १९२६ मध्ये व टाटा स्मारक रुग्णालय सन १९४१ मध्ये तेथे उघडले. तेव्हापासून दादरला गाडीतून उतरावे, कापडी पिशवीत जुने कागद घ्यावे व विचारीत विचारीत परळ गाठावे, हा प्रवास कोकण, घाट व देश येथील गरिबांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडला आहे. पूर्वी तेथे पोहोचल्यावर एकच अडचण असे, ती म्हणजे रांगेची. आता रांगेच्या आधी आणखी एक दार उभे राहिले आहे, आणि त्या दाराविषयी आज आम्हांस आपल्या वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

काही दिवसांपूर्वी मुंबईतील एका इस्पितळाच्या खिडकीपाशी आम्ही उभे होतो. पुढे एक वृद्ध शेतकरी होता. त्याची पाळी आली, तेव्हा खिडकीतील मनुष्याने, रागाने नव्हे पण घाईने, सांगितले, "बाबा, नंबर आधी मोबाईलवर घ्यावा लागतो. घेऊन या." वृद्धाने खिशातून आपला बटणांचा साधा मोबाईल काढला व तो खिडकीतून आत दिला, नंबर त्यातच कोठेतरी असेल असे त्यास वाटले असावे. तो परत आला. इतक्यात मागून लालबागेतील एक मुलगी पुढे झाली. "आजोबा, आधार कार्ड द्या इकडे," असे म्हणून तिने आपल्या मोबाईलवर तीन-चार मिनिटांत ते काम करून दिले. वृद्धाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग विचारले, "पोरी, पुढल्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. तेव्हा तू असशील का?" मुलगी हसली, परंतु उत्तर तिच्यापाशी नव्हते.

तो प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील बेथेस्दाच्या तळ्याची आठवण आम्हांस झाली. त्या तळ्याचे पाणी हालले म्हणजे जो प्रथम उतरेल तो बरा होई, असा लोकांचा समज होता. तेथे ३८ वर्षे दुखणाईत असलेला एक मनुष्य पडून होता. पाणी त्याच्यापासून दूर नव्हते. कोणी त्यास मनाईही केली नव्हती. त्याचे दुःख एवढेच, की त्यास उतरविणारा कोणी नव्हता, व तो सरपटत जाईपर्यंत दुसरा कोणी आधी उतरे. ज्याला चालता येते तोच आधी पोहोचतो, आणि ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठीच ते पाणी अधिक अगत्याचे असते. आज मोबाईल व संगणक यांच्याविषयी जो भेद पडला आहे, त्याचे याहून नेमके चित्र आम्हांस सापडत नाही.

वाचकांनी ते तळे सन २०२१ मध्ये प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या वर्षीच्या १ मे पासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांस करोनाची लस खुली झाली, परंतु नाव नोंदवावयाचे ते आधी मोबाईलवरच, असा नियम होता. ठराविक वेळी जागा खुल्या होत आणि काही क्षणांत भरून जात. ज्यांची बोटे चपळ व ज्यांचे इंटरनेट वेगवान, त्यांनी त्या घेतल्या. शहरांतील कित्येक लोक मोटारी घेऊन आसपासच्या खेड्यांतील केंद्रांवर गेले व लस घेऊन परतले, आणि त्या खेड्यांतील मनुष्य आपल्याच गावच्या केंद्राबाहेर उभा राहिला. शहरच्या त्या लोकांनी चोरी केली नव्हती. नियमाप्रमाणेच ते वागले होते. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशात या व्यवस्थेवर बोट ठेवले व ज्यांच्यापाशी साधन नाही त्यांनी काय करावे, हे सरकारास विचारले. आणि जूनमध्ये केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदविण्याची मोकळीक सर्वांस मिळाली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सर्वांस सारखा असलेला नियम सर्वांस न्यायाचा असतोच असे नाही.

कित्येक सज्जन म्हणतात, की गरिबाला भाकर हवी, मोबाईल नको. हे म्हणणे एके काळी खरे होते. परंतु आज भाकरीची वाटच या यंत्रातून जाते. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा उमटल्यावाचून धान्य मिळणे कठीण, आणि ज्यांचे अंगठे कष्टाने झिजले आहेत त्यांचेच ठसे उमटत नाहीत. निराधारांचे अनुदान, पीकविमा, मुलांची शिष्यवृत्ती, या सर्वांची वाट तीच. सन २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरी एकच मोबाईल होता, आणि तोही बापाबरोबर कामावर जाई, त्या घरच्या लेकराची शाळा खरोखरच बंद झाली.

दुसरे कित्येक म्हणतात, की काळच हा भेद मिटवील. मोबाईल स्वस्त झाले आहेत, इंटरनेटही सन २०१६ नंतर पुष्कळ स्वस्त झाले आहे. परंतु केवळ पैशाने हा भेद पडला असता तर तो पैशाने मिटला असता. सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसून आले, की महाराष्ट्रातील शंभर पुरुषांत साठाहून अधिकांनी इंटरनेट कधी ना कधी वापरले होते, तर शंभर स्त्रियांत सुमारे अडतिसांनीच. पुरुष व स्त्रिया एकाच घरात राहतात, एकाच मिळकतीवर जगतात. मग हे अंतर कशाचे? ते मोबाईल कोणाच्या हातात राहतो याचे आहे. दिवा घरात असूनही त्याचा उजेड अर्ध्या घरासच पडतो.

तिसरा आक्षेप आमच्याच पाळक व उपदेशक बंधूंचा आहे, व तो आम्ही हलका मानीत नाही. ते म्हणतात, की या यंत्रातून फसवणूक, जुगार व अमंगळ चित्रे घरात येतात. आपले लोक त्यापासून दूर आहेत हेच बरे. संकट खरे आहे. परंतु ज्यास या यंत्राचे ज्ञान नाही तो त्या संकटापासून दूर नाही. तोच अधिक सहज फसतो. बँकेतून बोलतो असे सांगून ओटीपी मागणाऱ्या ठकास जाणता मनुष्य नकार देतो, आणि भोळा मनुष्य आयुष्याची पुंजी गमावतो.

या बाबतीत आपल्या वडिलांचे उदाहरण पाहावे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे सन १८१३ मध्ये मुंबईस आले. पुढे थोड्याच वर्षांत मिशनने छापखाना सुरू केला, आणि सन १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. मुद्रण ही त्या काळची नवी विद्या होती. ती मिशनने कुलुपात ठेवली नाही. त्या छापखान्यात शिकून बाहेर पडलेल्या गणपत कृष्णाजी यांनी सन १८३१ मध्ये पंचांग छापले. तेथेच लहानपणी टाईप घासण्याच्या कामावर लागलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे निर्णयसागर छापखाना काढून संस्कृत ग्रंथ घरोघर पोहोचविले. मिशनचा हेतू काही पंचांग छापविण्याचा नव्हता. तरीसुद्धा विद्या दिली ती दिली. शिकलेल्याने तिचे काय करावे ही अट तीस जोडली नाही. या कारणाने महाराष्ट्र छापील अक्षर वाचू लागला, आणि शुभवर्तमानही त्याच अक्षराने वाचले गेले. विद्या देणाऱ्याने दोरी आपल्या हाती ठेवू नये, हा धडा आम्हांस त्यातून मिळतो.

आणि येथे आम्ही आपल्या उपदेशक बंधूंशी मोकळेपणाने बोलू इच्छितो, कारण या विषयातील खरा नैतिक प्रश्न आम्हां शिकलेल्यांचाच आहे. पूर्वी गिरण्यांत काम करणारा मनुष्य मुंबईतून पत्र धाडी, तेव्हा मुंबईच्या मोठ्या पोस्टापाशी बसणारे लेखनिक ते लिहून देत, आणि गावी ते उपदेशक अथवा मास्तर वाचून दाखवी. पत्र वाचणाऱ्याच्या हाती घरातील सर्व गुपिते येत. मनीऑर्डर किती आली, कोणाचे कर्ज फिटले, सून-सासूचे काय बिनसले, हे सर्व तो जाणे. त्याचा मान वाढे. तो मान सेवेचा होता. परंतु दुसऱ्याला वाचता येऊ लागले तर तो मान जाणार होता, हेही खरे. आज तेच स्थान मोबाईल जाणणाऱ्यास आले आहे. गावातील दहा घरांचे आधार क्रमांक, बँकेचे आकडे व ओटीपी एका माणसाच्या हाती येतात. तो प्रामाणिक असला तरी त्याच्यापुढे एक सूक्ष्म मोह उभा राहतो, आणि तो पैशाचा मोह नव्हे. आपल्यावाचून यांचे चालत नाही, याची गोडी हाच तो मोह होय. ज्या उपकाराला दुसऱ्याच्या अज्ञानाची कायम गरज असते, तो उपकार ख्रिस्ती प्रीती म्हणता येईल काय? आम्हांस वाटते, नाही. बेथेस्दाच्या काठी प्रभू येशूने त्या दुखणाइतास उचलून पाण्यात सोडले नाही, व रोज येऊन उतरविण्याचे वचनही दिले नाही. त्याने त्यास आपल्या पायांवर उभे केले, आणि ज्या बाजेवर तो पडून होता तीच त्यास उचलून न्यावयास लाविली.

तथापि याचा अर्थ असा नव्हे, की प्रत्येक वृद्धाने शिकलेच पाहिजे, आणि न शिकला तर दाराबाहेर राहावे. असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांचेच पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या पुढे बंद पडत गेल्या, हजारो कुटुंबे गावी परतली, आणि जेथे माग चालत होते त्या जमिनींपैकी पुष्कळांवर आज काचेच्या इमारती असून त्यांत संगणकांची कचेऱ्या भरल्या आहेत. त्या कामगारांना व त्यांच्या वारसांना घरे देण्यासाठी सन २०२३ मध्ये म्हाडाने सुमारे दीड लाख अर्जदारांची कागदपत्रे मागविली. ती मोबाईलच्या ॲपवरून पाठविता येत, आणि वांद्र्यास प्रत्यक्ष नेऊनही देता येत. ज्याने साऱ्या उमेदीत सूत कातले त्यास उतारवयात ॲप येत नाही, हा त्याचा अपराध नव्हे. त्याच्यासाठी कागद घेणारी एक खिडकी व तीत बसलेला एक मनुष्य असणे, ही दया नसून त्याचा हक्क आहे. यास्तव जेथे एकच दार ठेविले असेल, तेथे दुसरे दार मागण्यास मंडळीने संकोच करू नये. ग्रामसभेत बोलावे, सह्यांचा अर्ज द्यावा.

म्हणून आम्ही आपली दोन कर्तव्ये मानतो. जे शिकू शकतात त्यांस शिकवावे. जे शिकू शकत नाहीत त्यांच्यासाठी दार उघडे राहील असे करावे. यांपैकी एकच करणारा अर्धे काम करतो.

शिकविण्यास पैसा लागतो असे कोणी म्हणेल, तर त्याने फिलिपाईन्समधील मिशनरी फ्रँक लॉबक यांचे स्मरण करावे. सन १९३० च्या सुमारास त्यांनी तेथील लोकांस लिहिण्या-वाचण्यास शिकविण्याचे काम हाती घेतले. पुढे शिक्षकांस देण्यास पैसा उरला नाही, तेव्हा जो शिकला त्याने एकास शिकवावे असा नियम पडला, आणि काम थांबण्याऐवजी वाढले. सन १९३५ पासून पुढे ते हिंदुस्थानातही आले व तोच मार्ग त्यांनी येथे सांगितला.

आमच्या मंडळ्यांस हे अशक्य आहे काय? रविवारच्या उपासनेनंतर एक तास ठेवावा. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांस शिकवावे, आणि आरंभ आयाबहिणींपासून करावा. शिकविताना मोबाईल शिकणाऱ्याच्या हातात असावा, शिकविणाऱ्याच्या नव्हे. बोट चुकू द्यावे, घाई करू नये, हसू तर मुळीच नये. एकेका कामाच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत वहीत लिहून द्याव्या. दुसऱ्याचा गुप्त क्रमांक आपल्यापाशी लिहून ठेवू नये, व या कामाचा मोबदला घेऊ नये. ओटीपी कोणास सांगू नये, हा पहिला धडा असावा.

लालबागेच्या त्या मुलीने चांगलेच केले. तिच्यावाचून त्या दिवशी तो वृद्ध रिकाम्या हाती परतला असता. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर परळमध्ये नाही. तो ज्या गावाहून आला त्या गावीच ते द्यावे लागेल. पुढल्या महिन्यात तो पुन्हा निघेल. त्याच्या आळीत कोणी शिकलेला असेल, आणि निघण्याच्या आदल्या रात्री तो त्याच्याजवळ जाऊन बसेल काय? ज्या गावी आपली मंडळी आहे त्या गावापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर आपल्या हाती आहे.