मग जबाब कुणी द्यायचा?

नागपुरात सीताबर्डीला सीताबर्डी कुणी म्हणत नाही. ‘बर्डीवर चाललो’ म्हटलं की पुरतं. मेट्रोच्या दोन लाइनी जिथे भेटतात ते स्टेशन, मेन रोडवरची कपड्यांची दुकानं, व्हरायटी चौकातली गर्दी, मागे टेकडीवरचा किल्ला. आणि एक उड्डाणपूल. मी त्यावरून शेकडो वेळा गेलो असेन. त्याला ‘गोवारी शहीद’ असं नाव आहे हे ऐकून माहीत होतं. पण हे शहीद कोण, कुणाशी लढताना शहीद झाले, हा प्रश्न मला लॉ कॉलेजला जाईपर्यंत पडला नव्हता.

ते कुणाशीच लढत नव्हते.

२३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात चालू होतं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्या गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. मागणी एकच: आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. विदर्भातल्या गावागावांतून हजारो माणसं आली होती, बायका लेकरं घेऊन आल्या होत्या. मोर्चा बर्डीवर अडवला गेला. संध्याकाळी पोलिसांच्या लाठ्या चालल्या, पळापळ झाली आणि माणसं माणसांच्या पायाखाली गेली. ११४ जीव गेले. त्यात बायका आणि मुलंच जास्त.

पुढे आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने कुणालाही जबाबदार धरलं नाही. झिरो माइलजवळ स्मारक उभं राहिलं, पुलाला नाव मिळालं.

म्हणजे ११४ माणसं मेली आणि मारलं कुणीच नाही. हे होऊ शकतं का?

खरं सांगायचं तर होऊ शकतं. चेंगराचेंगरीत कुणी एक माणूस मारत नसतो. मागचा पुढच्याला ढकलतो, कारण त्याच्याही मागे कुणीतरी असतो. खुनाला हेतू लागतो आणि इथे एवढ्या माणसांना मारण्याचा हेतू कुणाचाही नसेल. आयोगाचं म्हणणं मला आवडत नाही, पण ‘खुनी कोण’ एवढाच प्रश्न असेल तर उत्तर कठीण आहे, हे मान्य करावं लागतं.

पण प्रश्न तेवढाच नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे. कलम २१ ने जगण्याचा. हे हक्क मुख्यतः सरकारकडून मागायचे असतात. तेव्हा हक्क मोडला असेल तर सरकारातल्या कुणाच्या तरी हातून मोडला, किंवा कुणीतरी जे करायला हवं होतं ते केलं नाही म्हणून मोडला. पाण्याची सोय, बाहेर पडायला वाट, मोर्च्याला भेटायला कुणी जाणं, लाठी उचलायची की नाही: यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवायचीच असते. न ठरवणं हाही निर्णयच.

आपली सरकारी मराठी इथे फार उपयोगी पडते. ‘सौम्य लाठीमार करण्यात आला.’ ‘परिस्थिती नियंत्रणात आणण्यात आली.’ या वाक्यांना कर्ता नसतो. शाळेत बाई विचारायच्या, ‘यात कर्ता कोण?’ आणि आपण शोधायचो. मोठेपणी शोधणं सोडून दिलं. आणि ‘शहीद’ म्हटलं की तो शोध पुरताच थांबतो. शहीद स्वतःहून जीव देतो. जीव दिला म्हटल्यावर कुणी घेतला हे कोण विचारणार?

कायद्याने मात्र हा प्रश्न विचारून पाहिला आहे. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात पोलिसांच्या ताब्यातलं सोनं घेऊन एक पोलीस पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोलिसी काम हे राज्याचं सार्वभौम काम, त्यासाठी राज्याकडून भरपाई मागता येणार नाही. १९८३ मध्ये रुदुल शहा खटला आला. निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात हा माणूस आणखी १४ वर्षं पडून होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने त्याला ३५,००० रुपये द्यायला लावले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, अटकेतल्या माणसाला न्यायालयाचं दारच बंद करणाऱ्या निकालात बहुमताच्या बाजूने असलेले हेच न्यायमूर्ती. १९९३ मध्ये ओडिशातल्या नीलाबती बेहेरांच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्टच सांगितलं: मूलभूत हक्क मोडला तर ‘आम्ही सार्वभौम’ ही सबब चालणार नाही. या बाईंचा २२ वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला होता आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर त्याचं प्रेत सापडलं. त्यांनी न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं होतं. त्यांना दीड लाख मिळाले.

म्हणजे बर्डीवर माणसं मेली तेव्हा राज्याने भरपाई द्यावी हे तत्त्व ठरून गेलेलं होतं. पण भरपाई राज्य देतं म्हणजे कोण देतं? तिजोरी. तिजोरीत पैसे कुणाचे? ज्या आईचं लेकरू गेलं, तीही दुकानात साबण घेताना कर भरतेच. सर्वोच्च न्यायालयालाही हे खुपलं होतं. १९९३ मध्येच, लखनौच्या विकास प्राधिकरणाने घर द्यायला उशीर केला त्या प्रकरणात, न्यायालय म्हणालं की अशा वेळी भुर्दंड शेवटी सामान्य माणसालाच बसतो. म्हणून भरपाई आधी प्राधिकरणाने द्यावी आणि मग दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करावी. घराच्या उशिरासाठी हे तत्त्व आहे. जिवासाठी ते किती वेळा वापरलं जातं?

हाच प्रश्न दूर अमेरिकेतही पडला. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, जून २०२० मध्ये, कोलोराडो राज्याने कायदा केला. पोलिसाने हक्क मोडला तर नागरिक त्याच्यावर राज्याच्या न्यायालयात दावा लावू शकतो. आणि त्याने प्रामाणिक समजुतीने वागला नाही असं ठरलं, तर भरपाईतले ५ टक्के किंवा २५,००० डॉलर, जी रक्कम कमी असेल ती, त्याच्या खिशातून जाते. रक्कम फार मोठी नाही. पण तिच्यावर नाव आहे.

हे मी उत्साहाने माझ्या मामाला सांगितलं. मामा दुसऱ्या एका जिल्ह्यात पोलीस शिपाई होता, आता रिटायर झाला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू पुस्तक वाचून बोलून राहिला. बंदोबस्तात आम्ही सकाळपासून उपाशी उभे राहतो. हुकूम वरून येते. हुकूम देणारा वायरलेसवर असते, मार खाणारा समोर असते, अन् पगार माझा कापशील?”

मला उत्तर सुचलं नाही, कारण तो बरोबर होता. शिपायाचा पगार कापून राज्य सुधारत नाही, उलट वरच्यांना एक बळीचा बकरा मिळतो. जुन्या कायद्यातलं कलम १९७ ही याच भीतीतून आलं असणार: सरकारी नोकरावर खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी. नाहीतर कुणी निर्णयच घेणार नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम २१८ नुसार, सरकारने १२० दिवसांत ठरवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. दार थोडं किलकिलं झालं आहे.

मग मला नक्की काय हवं आहे? कुणा म्हाताऱ्या शिपायाला ३० वर्षांनी तुरुंगात टाकणं नक्कीच नको. ‘जबाबदार’ या शब्दाच्या पोटात ‘जबाब’ आहे. राजीनामा दिला म्हणजे जबाब दिला असं होत नाही, तो फक्त खुर्ची सोडणं असतं. पैसे दिले की नुकसान थोडं भरतं, प्रश्न तसाच राहतो. मला असं राज्य हवं आहे जिथे लाठीच्या प्रत्येक हुकुमाखाली कुणाचं तरी नाव लिहिलेलं असेल आणि त्या माणसाला मेलेल्यांच्या आईसमोर उभं राहून ‘मी असं का ठरवलं’ हे सांगावं लागेल. त्याचं कारण कदाचित पटेलही. त्याने निष्काळजीपणा केला असेल तर भरपाईतला वाटा त्याच्या पगारातून, हुकुमाच्या उंचीप्रमाणे, जावा. दोषी कोण हे त्यानंतर ठरवू. आधी वाक्याला कर्ता तर मिळू दे.

गोवारींच्या मूळ मागणीलाही अजून शेवट नाही. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. दर २३ नोव्हेंबरला लोक स्मारकावर फुलं वाहायला येतात आणि हिवाळी अधिवेशनात बर्डीवर पुन्हा बॅरिकेड लागतात.

मामाला मी शेवटी विचारलं, “हुकूम देणाऱ्याला आधी नाव लिहून सही करावी लागली असती तर?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तर त्यानं एकदा खिडकीतून खाली पाह्यलं असतं.”